आवाज बंद, चित्र चालू

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनात टीव्ही दिवसभर चालू असतो, पण मुका. परवा दाढीला बसलो तेव्हा पडद्यावर एक नेते हात उंचावून कसलीशी शपथ घेत होते. जरा आवाज वाढव म्हटलं, तर वस्तरा न थांबवता सलूनवाला म्हणाला, "नको काका. आवाज वाढला की गिऱ्हाइकं भांडतात, आणि मान सांभाळावी लागते मला. तुमची."

एकेकाळी या भाषणांचा काय दरारा होता! ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठ. पंतप्रधान बोलले आणि घरोघर गव्हाच्या डब्यातल्या पाचशे-हजाराच्या नोटा बाहेर आल्या. २४ मार्च २०२०, पुन्हा रात्री आठ. २१ दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणताच वाण्याकडे ही झुंबड! पण ही किमया वक्तृत्वाची म्हणायची का? हेच गल्लीतल्या वायरमनने खरं करून दाखवलं असतं, तरी आपण तितकेच धावलो असतो.

नुसत्या वक्तृत्वाचा हिशेब करायचा तर २०१९ ची लोकसभा घ्या. मनसेचा एकही उमेदवार नाही, तरी सगळ्या वाहिन्यांवर थेट गाजली ती राज ठाकरेंची भाजपविरोधी सभा. ‘लाव रे तो व्हिडिओ’ लग्नाच्या हळदीपर्यंत पोचलं. लोकांनी पानं वाढायची थांबवून ऐकलं, टाळ्या दिल्या, आणि ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेनेला देऊन टाकल्या. नांदेडला अशोक चव्हाण पडले, सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले. व्हिडिओ लागला आणि निकालही लागला, पण ज्यांच्या फायद्यासाठी सभा झाल्या त्यांचाच! साताऱ्यात उदयनराजे मात्र आले. ते स्वतःच्या कॉलरवर.

त्याच साताऱ्यात ऑक्टोबरात शरद पवारांची पावसातली सभा झाली. पोटनिवडणुकीत उदयनराजे, आता भाजपचे, पडले. पवार त्या दिवशी काय बोलले, दहा जणांना विचारा. नऊ जण पावसाचंच सांगतील.

वाहिन्यांनीही भाषणाची पार रया घालवली. दिवसाला तीन सभा थेट, तिन्हीत तीच वाक्यं, तेच ‘माझ्या तमाम’. २०२२ च्या दसऱ्याला तर शिवसेनेच्या दोन गटांचे दोन मेळावे, एका पडद्यावर दोन चौकटी: इकडे शिवाजी पार्क, तिकडे बीकेसी. आमच्या मावशीने दोन्हीकडचे हातवारे पाच मिनिटं निमूट पाहिले आणि मालिका लावली.

पूर्वी विरोधकाचं भाषणही माणूस मैदानात उभं राहून ऐकायचा, निदान टिंगल करायला. त्यात एखादं वाक्य चुकून मनात राहायचं. आता तीस सेकंदांचा तुकडा फोनवर येतो, तोही आपल्याच बाजूच्या मेव्हण्याकडून. जो आधीच पटलेला आहे त्यालाच पुन्हा पटवायचं, याला प्रचार म्हणत नाहीत. आरती म्हणतात.

दाढी झाली. पडद्यावरचा हात अजून वरच होता. "साठ रुपये काका, सोमवारपासून दर वाढलाय," सलूनवाला म्हणाला. तसं हळूच म्हणाला होता, पण मला पहिल्याच झटक्यात ऐकू आलं.