पॅसिव्हराव

पॅसिव्हराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जिल्हा परिषदेत ते वरिष्ठ सहायक आहेत आणि तिथल्या हजेरीपटावर वेगळं नाव आहे. पण सांगलीत, विश्रामबागेच्या आमच्या गल्लीत, त्यांना सगळे याच नावानं ओळखतात आणि त्यांनाही त्यात मानच वाटतो. असा एक गृहस्थ आताशा बहुतेक गल्ल्यांत सापडतो. ओळखायची खूण सोपी आहे. ‘काय चाललंय?’ असं विचारलंत की तो नोकरीबद्दल अवाक्षर काढत नाही, ‘साइडला’ काय चाललंय ते सांगतो.

हा साइडचा नाद त्यांना एआयमुळे लागला असं म्हणणं म्हणजे एआयवर अन्याय होईल. तो घराण्यातच आहे. मामांनी सफेद मुसळी लावली होती. साडूंनी इमू पाळले. इमूला उडता येत नाही, त्यामुळे ते काम अंडी विकत घेणाऱ्या कंपनीनं केलं. २०१९ साली आमच्याच जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण राज्यभर गाजलं, तेव्हा पॅसिव्हराव थोडक्यात बचावले; कारण त्यांचे पैसे आधीच साबण-पावडरीच्या साखळीत अडकलेले होते. त्या काळातली धुण्याची पावडर वहिनी अजून वापरताहेत.

चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात. पॅसिव्हरावांकडे ते पोचलं नव्व्याण्णव रुपयांच्या एका वेबिनारमधून. परक्याच्या मोटारीला टेकून उभ्या असलेल्या एका पोरानं त्यांना सांगितलं, ‘सर, काम करून पैसे सगळेच मिळवतात. तुम्ही झोपेत मिळवा. पॅसिव्ह इन्कम!’ त्या दिवसापासून पॅसिव्हरावांची झोप गेली. रात्री दोन वाजता गल्लीत एकच दिवा असतो, तो त्यांचा. सकाळी डोळे लाल. विचारलं तर म्हणतात, “सिस्टीम लावतोय. एकदा लागली की बघायला नको.”

त्यातून २०२५ साली कंपन्यांनी त्यांना आणखीच चढवलं. एअरटेलनं पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं, जिओनं जेमिनी दिलं, मग नोव्हेंबरात ३९९ रुपये महिन्याचं चॅटजीपीटी गोसुद्धा वर्षभर फुकट झालं. पॅसिव्हरावांनी दोन्हीकडची सिमं घेतली. तीन तीन बुद्धिमत्ता हाताशी, आणि तिघींना मिळून विचारायचा प्रश्न एकच : सगळ्यात कमी कष्टाचं काय?

पहिला प्रयोग याच्याही आधीचा, पुस्तकांचा. ॲमेझॉनवर स्वतःचं पुस्तक स्वतःच लावता येतं हे कळल्यावर त्यांनी अमेरिकन बायकांसाठी कीटो आहाराच्या नोंदवह्या काढायला घेतल्या. स्वतः चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीवर तूप ओतून घेणारा माणूस! जगभर असे लेखक इतके माजले की २०२३ च्या सप्टेंबरात ॲमेझॉननं दिवसाला तीनच नवी पुस्तकं लावता येतील अशी मर्यादा घातली. तीन! अत्र्यांना आणि पुलंनाही कधी नडली नसती अशी मर्यादा. पॅसिव्हरावांना मात्र ती आपल्या वेगावरची कारवाई वाटली. “मराठी माणूस पुढे गेला की असंच होतं,” ते म्हणाले. खपलेल्या नोंदवह्यांचा आकडा मी विचारला नाही. शेजारधर्म असतो.

मग चित्रं. ॲडोबी स्टॉकवर एआयनं केलेली चित्रं चालतात, फक्त तसं सांगावं लागतं. यांनी ‘मराठी सण’ अशी मालिका काढली. बाईला नथ दोन्ही नाकपुड्यांत. वारकऱ्याच्या गळ्यात वीणेऐवजी गिटार. ताटात अकरा मोदक आणि एकूणएक लसणाचे गड्डे. मी हळूच दाखवून दिलं, तर म्हणाले, “गिऱ्हाईक परदेशातलं आहे हो. त्याला काय कळतंय!”

तिसरा प्रयोग लागला, आणि तो कसा लागला हे समजायला कोकण समजायला हवं. मराठीत भुताच्या गोष्टींना मरण नाही. पॅसिव्हरावांनी यूट्यूबवर ‘कोकणातली’ भुतं सोडली. गोष्ट एआयची, आवाज एआयचा, चित्रं एआयची. त्यातलं कोकण बर्फाळ आहे, देवचारानं डोक्यावर विदेशी भोपळा घातलाय, आणि निवेदक ‘ज्ञानोबा’ला ‘ग्यानोबा’ म्हणतो. सरकारी नोकराला खासगी धंदा करता येत नाही, म्हणून चॅनल वहिनींच्या नावावर. विम्याची एजन्सी बायकोच्या नावावर काढण्याची आपली जुनी, सोज्वळ परंपरा आहे. इथे फक्त विम्याच्या जागी खवीस आला.

जाहिरातींचे पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहणं, अशी यूट्यूबची अट. सबस्क्रायबर त्यांनी बारशी, मुंजी आणि एका दहाव्याला गोळा केले. पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक मोकळेच असतात. तासांचं अवघड होतं. शेवटी जुना मोबाइल आईंच्या उशाशी लावून ठेवला. ऐंशी वर्षांची ती माउली विष्णुसहस्रनाम समजून रात्रभर हडळ ऐकत होती.

२०२५ च्या जुलैत यूट्यूबनं नियम स्पष्ट केला : साच्यातून काढल्यासारखे, घाऊक व्हिडिओ असतील तर पैसे नाहीत. त्या आठवड्यात पॅसिव्हरावांना जेवण जाईना. प्रत्येक भुताला वेगळा स्वभाव द्यायला हवा, म्हणून ते रात्री तीनपर्यंत जागू लागले.

आता एक सांगतो, आणि इथे मला त्यांचा खरोखर राग येतो. हळदीच्या पेठेतले एक व्यापारी त्यांच्याकडे आले होते. परराज्यातल्या गिऱ्हाइकांना मालाची माहिती हिंदी-इंग्रजीत नीट लिहून पाठवायची होती, दर महिन्याला, रोख पैसे देऊन. सोसायटीच्या सेक्रेटरींना वार्षिक सभेचं इतिवृत्त करून हवं होतं. पॅसिव्हरावांनी दोघांनाही चहा पाजला आणि परत पाठवलं. “ते ॲक्टिव्ह झालं हो,” मला म्हणाले, “त्यात माणूस अडकतो.”

दोन्ही कामं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याच्याकडे एकच फुकटातलं चॅटजीपीटी, तेही तडा गेलेल्या मोबाइलवर. पण तो लग्नाचे बायोडेटा करतो, अर्ज करतो, बिनकामाचं वाक्य खोडतो, आणि रास, गोत्र, मामेकूळ स्वतः माणसाला विचारून भरतो, कारण एआय विचारल्याशिवाय कुणालाही काश्यप गोत्रात घालतं हे त्याला एका मोडता मोडता राहिलेल्या सोयरिकीतून कळलंय. हळदीच्या पत्रकात तर एआयनं राजापुरीचा संबंध थेट राजापूरच्या गंगेशी जोडला होता. यानं व्यापाऱ्याला फोन करून ते काढलं. त्याच्याकडे रांग असते. पॅसिव्हराव कधी प्रिंट काढायला गेले तर त्याच रांगेत उभं राहून त्याला सिस्टीम समजावून सांगतात. तो ऐकतो आणि एका प्रिंटचे पाच रुपये घेतो.

तरी भुतांनी शब्द पाळला. खात्यात दहा डॉलर जमले. दहा डॉलर झाले की गूगल पत्ता तपासायला टपालानं सहा आकडी पिन पाठवतं; पैसे मात्र शंभर डॉलर झाल्यावरच मिळतात. मध्ये अमेरिकेच्या कराचा फॉर्मही असतो. तिथल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर पंधरा टक्के कापतात. तिथला प्रेक्षक यांना अजून लाभलेला नाही, पण घरपट्टीवरून महापालिकेशी तीन वर्षं भांडणारा हा माणूस चौकात सांगत होता, “आपलं आता अमेरिकेत टॅक्सचं सुरू झालंय.”

पाकीट आलं ते ऐन दिवाळीत, वहिनींच्या नावानं. पॅसिव्हराव ऑफिसात होते. पाकीट देऊन पोस्टमन दारातच घुटमळला. पोस्त मागायचे दिवस. वहिनींनी त्याला दोनशे रुपये आणि चार करंज्या दिल्या.

संध्याकाळी पॅसिव्हरावांनी पिन टाकला, मग एक्सेलची वही उघडून खर्चाच्या रकान्यात लिहिलं, ‘टपाल : २००.’

“ते माझ्या पर्समधले होते,” वहिनी कढईवरून म्हणाल्या. “चॅनल माझ्या नावावर, खातं माझ्या नावावर. मालकिणीकडून उसने, असं लिहा. आणि करंज्यांचे वेगळे.”