पेंडिंगराव

पेंडिंगराव न्यू जर्सीहून आले, की आमच्या मुलुंड पूर्वेचा झेरॉक्सवाला मशीनमध्ये नवं टोनर भरतो. आईला वाकून नमस्कार झाला, की यांचा पहिला प्रश्न असतो, ''कोपऱ्यावरचं दुकान उघडलं असेल का गं?'' मग बॅगेतून प्लॅस्टिकची फाईल निघते, फाईलमधून अॅडव्हान्स पॅरोलचा कागद निघतो आणि त्या कागदाच्या प्रती निघतात. एक खांद्यावरच्या बॅगेत, एक मोठ्या बॅगेत, एक देवघरात अन्नपूर्णेच्या पाटाखाली आणि एक माझ्याकडे. ''राहू दे रे तुझ्याकडे. आग-बिग लागली तर?'' आग लागलीच तर ती त्याच्याच घरापुरती लागेल, हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

माझ्या लग्नाचा दाखला मला आजवर सापडलेला नाही. पेंडिंगरावाच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेल्या अर्जाचं, म्हणजे आय-140चं, मंजुरीपत्र मात्र कुठलाही खण उघडला तरी हाताला लागतं.

नाव सांगून उपयोग नाही. बोरिवलीला गोराईत, घाटकोपरला पंतनगरात, अंधेरीला चार बंगल्यावर, नाव बदलून तो असतोच. वर्षा-दोन वर्षांनी तो दोन-तीन आठवड्यांसाठी येतो आणि तेवढ्यात अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा सगळ्या वॉर्डाला पाठ करून देतो. भाजीवाल्या मावशींनाही आता ठाऊक आहे की ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-485, भरल्यावर हा पॅरोलचा कागद हातात नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ''एच-1बीवाल्यांना आणि एल-1वाल्यांना सूट आहे मावशी,'' तो मेथीची जुडी निवडता निवडता सांगतो, ''पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का चालू पाहिजे. नाहीतर आहेच बीकेसीला कॉन्सुलेटची रांग.'' मावशी म्हणतात, ''जुडी वीस रुपये.''

त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, त्याच्या पुढे गेल्यात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. कोणत्या देशाची, कोणत्या गटाची रांग कुठल्या तारखेपर्यंत आली, हे त्यात असतं. पावसाळ्यात आपण मोडकसागर आणि भातसाची पातळी बघतो, तशी काकू ईबी-3 इंडियाची तारीख बघतात. ''दोन आठवडे सरकली हो!'' असं जिन्यात सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. तारीख मागे गेली, की त्या दिवशी त्यांच्याकडे मुगाची खिचडी. ''रिट्रोग्रेस झाली,'' एवढंच म्हणतात आणि दार लावून घेतात.

दोष पेंडिंगरावाचा नाही, हे मान्य. नोकरीच्या वाटेने मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. हा आकडा 1990च्या कायद्याने ठरला आणि त्यात बायकामुलंही मोजतात. शिवाय कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. म्हणजे भारताला जी मर्यादा तीच आइसलँडला, आणि आइसलँडची वस्ती आमच्या टी वॉर्डाहून फार मोठी नाही. ''तू आइसलँडला जन्मायला हवं होतंस,'' असं मी एकदा म्हणालो. त्याने गंभीरपणे उत्तर दिलं, ''बायको जन्मली असती तरी चाललं असतं. तिच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं.'' वहिनी चिपळूणच्या. त्यांनी पोळी त्याच्या पानात जरा उंचावरूनच टाकली.

त्याच्याकडे इतिहासही आहे. जुलै 2007च्या बुलेटिनने जवळजवळ सगळ्यांसाठी दार उघडलं आणि 2 जुलैला ते पुन्हा लावून घेतलं. 'लगे रहो मुन्नाभाई' आदल्याच वर्षी येऊन गेला होता. त्यातली गांधीगिरी आठवून आपल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाकडे वळवली. पण 17 जुलैला खात्याने माघार घेतली आणि पुढे महिनाभर अर्ज घेतले. पेंडिंगराव हे सगळं अशा आवाजात सांगतो, की पहिला गुच्छ त्यानेच नेला असावा. वास्तविक त्या जुलैत तो इथे वझे कॉलेजच्या कँटीनमध्ये माझ्या पैशांनी वडापाव खात होता.

या कागदपत्रांपायी त्याचं जग मात्र दोन विमानतळांएवढंच राहिलं. काकूंच्या भिशीतल्या बायका जपान करून आल्या, व्हिएतनाम करून आल्या. काकूंचा मुलगा पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशात आहे आणि त्याने नेवार्क आणि मुंबई यांच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी नेपाळला जायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, ''उगाच तिसऱ्या देशाचा शिक्का कशाला?'' शेवटी टिटवाळ्याला गेलो. तिथेही त्याच्या पाठीवर फाईल होतीच.

कळस झाला तो सप्टेंबर 2025मध्ये. वडिलांच्या श्राद्धासाठी पेंडिंगराव पितृपक्षात आले होते. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेलेली, त्यामुळे काकू भाड्याच्या घरात. शनिवारी सकाळी बातमी आली, की एच-1बीवर एक लाख डॉलर फी लावणाऱ्या जाहीरनाम्यावर ट्रम्प यांनी सही केली आणि तो 21 तारखेपासून लागू. तिकडच्या कंपन्या बाहेर गेलेल्या लोकांना ताबडतोब परत बोलावू लागल्या. पेंडिंगरावाकडे पॅरोलचा कागद होता, त्यामुळे त्याला घाबरायचं कारण नव्हतं. त्याने वकिलाला फोन लावला, मग विमान कंपनीला, आणि मग तो खाली झेरॉक्स काढायला गेला.

21 तारखेला सर्वपित्री अमावास्या होती. गच्चीवर पान ठेवलं. कावळा टाकीवर बसून नुसता बघत होता. काकू म्हणाल्या, ''ह्यांना नवा पत्ता सापडला नसेल.'' मग आश्वासनं सुरू झाली. नातीला मराठी शिकवू. शिवला नाही. गावचं घर विकणार नाही. शिवला नाही. शेवटी काकूंनीच सांगितलं, ''अहो, ती फी फक्त नव्या अर्जांना आहे. रात्रीच व्हाइट हाऊसने खुलासा केलाय.'' कावळा खाली आला आणि आधी वड्यावर तुटून पडला. पेंडिंगरावाने डोळे पुसले आणि मला हळूच विचारलं, ''त्या खुलाशाची प्रिंट काढून ठेवू या का?''

असा हा माणूस. त्याच्याबद्दल एकच गोष्ट चांगली सांगता येईल आणि ती सांगायची माझी फारशी इच्छा नव्हती.

ऑक्टोबर 2020मध्ये तारखा एकदम पुढे आल्या आणि ईबी-3मध्ये 1 जानेवारी 2015च्या आधीच्या तारखा असलेल्यांना अर्ज भरायची मुभा मिळाली. पेंडिंगरावाने भरला. पुढच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या ऐन दुसऱ्या लाटेत, काकू मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्याचा पॅरोलचा कागद तोवर आला नव्हता. पासपोर्टातला शिक्का संपलेला. अमेरिका भारतातून येणाऱ्यांवर 4 मेपासून निर्बंध घालणार, हेही कळलं होतं. वकील म्हणाला जाऊ नका, वहिनी म्हणाल्या थोडं थांबा, खुद्द काकूंनी हॉस्पिटलमधून निरोप दिला, ''आलास तर तंगडी मोडीन.'' स्वतःची मोडलेली असताना!

तो आला. फाईल न घेता आला. पासपोर्ट, करोनाचा रिपोर्ट आणि अंगावरचे कपडे. पॅरोलसाठी केलेला अर्ज देश सोडल्याने बाद होणार, हे त्याच्याइतकं पक्कं आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं.

मग तो अडकला. कॉन्सुलेटच्या तारखा मिळेनात. मुलगी तिकडे बालवाडीत जायला लागली, ते त्याने मोबाइलवर पाहिलं. रात्री न्यू जर्सीचं काम, सकाळी काकूंना वॉकर धरून चालवणं, आणि दुपारी झोप येईना म्हणून सोसायटीचं कपाट. आमचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, वर्षानुवर्षं रखडलं होतं, कारण कुठला कागद कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पेंडिंगरावाने घराघरांत जाऊन करारनामे गोळा केले. इंडेक्स-2, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशे यांचा संच लावला, रंगीत पट्ट्या चिकटवल्या, अनुक्रमणिका टाईप केली. सरकारी कार्यालयातल्या माणसाने ती फाईल दोनदा चाळली आणि त्रुटी सापडेना म्हणून चहा मागवला. पेंडिंगराव शिक्का घेऊन परत गेला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. पुढच्या वर्षी जमीन आमच्या नावावर झाली.

त्याचं खरं कौशल्य काय, ते तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं वाट बघत जगायचं आणि तरीही कागद नीट लावून ठेवायचे, हे आपल्याला जमत नाही. आपण त्याला हसतो, कारण आपण घरी आहोत असं आपल्याला वाटतं.

जमीन नावावर झाली, मग सहकार कायद्याच्या कलम 79-एप्रमाणे सभा झाली, बिल्डर नेमला, आम्ही घरं रिकामी केली. नवी इमारत सातव्या मजल्यावर येऊन थांबली आहे. ताबा डिसेंबरमध्ये मिळेल असं बोर्डावर लिहिलंय, कुठल्या वर्षीच्या ते पावसाने पुसलंय. परवा पेंडिंगरावाचा फोन आला. पहिलाच प्रश्न, ''काय रे, तुमची तारीख सरकली का?''

त्याच्या रांगेचं महिन्याला निदान बुलेटिन तरी निघतं. आमचा बिल्डर फोन उचलत नाही.