गायकाचा चरित्रपट : चाळीसगावी पाहण्याची रीत

गायकाच्या जीवनावरचा चित्रपट चार-सहा मित्रांनी मिळून पाहणे हा खानदेशात बैठकीचा प्रकार आहे, चित्रपटाचा नव्हे. फरक इतकाच की बैठकीत गाणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. इथे गाणारा पडद्यावर असतो आणि ऐकणारे कोणीच नसते. चाळीसगाव आणि आसपासच्या मळ्यांवर हा प्रकार मुख्यतः हिवाळ्यात आढळतो. त्याचे कारण सांगीतिक नाही. डिसेंबरात भरिताची हिरवी वांगी बाजारात येतात, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर ती भाजली जातात, लाकडी मुसळीने ठेचली जातात, आणि त्या भरितासोबत कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर माणसाला उठून घरी जाववत नाही. उठवत नाही म्हणून कोणीतरी लॅपटॉपला टीव्ही जोडतो. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो (गावाच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही) आणि माणसे गच्चीवर आडवी होतात. तेव्हा चरित्रांचा विषय निघत नाही.

चित्रपट निवडणे ही पहिली पायरी. ती साधारण पाऊण तासाची असते. उमेदवार ठरलेले असतात : ‘बालगंधर्व’ (2011), ‘मी वसंतराव’ (2022), ‘महाराष्ट्र शाहीर’ (2023). पुण्यात नोकरीला असलेला आणि सुटीवर आलेला एखादा सभासद फ्रेडी मर्क्युरीवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सुचवतो. त्याला नकार मिळणार असतो, पण फ्रेडीचे शालेय शिक्षण पाचगणीत झाले हे कळताच मत फिरते. साताऱ्याच्या शाळेत शिकलेला मुलगा परका कसा, असा मुद्दा निघतो आणि तो नातेवाइकांच्या यादीत जमा होतो. पाहिला मात्र जात नाही, कारण सबटायटल वाचत वाचत शेंगा सोलता येत नाहीत.

शेवटी ‘बालगंधर्व’ लागतो. तो याआधी किती वेळा पाहिला हा प्रश्न गौण आहे. निर्णय फिरवणारी बाब अशी की नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 चा, मूळचे नागठाण्याचे, पण लहानपणी ते जळगावात राहिले आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. चाळीसगावहून जळगाव रेल्वेने नव्वदेक किलोमीटर. एवढ्या अंतरात आपलेपणा पातळ होत नाही. ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्य टिळकांची, आश्रय शाहू महाराजांचा, रंगभूमी किर्लोस्कर मंडळींची हे सगळे मान्य. सा मात्र जळगावचा, एवढे कलम मंडळी चित्रपट सुरू होण्यापूर्वीच मंजूर करून घेतात. मग पटकथेत जळगावच्या वाट्याला काय आले आहे याला महत्त्व राहत नाही. जे कमी पडेल ते जमलेले लोक भरून काढतात.

चित्रपट रवी जाधव यांनी दिग्दर्शित केला आणि कलादिग्दर्शक म्हणून नाव कमावलेल्या नितीन चंद्रकांत देसाई यांनी निर्माण केला. पडद्यावर चेहरा सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा. या वाटणीवर मंडळीत पहिला खटका उडतो. पेटी वाजवणारा सभासद (असा एक प्रत्येक मंडळीत असतो, आणि त्याची पेटी नेमकी त्या दिवशी दुरुस्तीला गेलेली असते) डोळे मिटून पाहण्याचा आग्रह धरतो, म्हणजे भाटे नीट ऐकू येतात. किराणा दुकानदार डोळे उघडे ठेवतो, कारण त्याला शालू पाहायचा असतो. बालगंधर्वांच्या बाबतीत दोघेही बरोबर आहेत. त्यांचे गाणे ऐकायला जाणारे जेवढे होते, तेवढेच त्यांचे नेसणे पाहायला जाणारे होते, आणि त्यांत बायका अधिक होत्या. नऊवारी कशी नेसावी हे घरंदाज बायकांनी एका पुरुषाकडून शिकून घेतल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही.

टिळक पडद्यावर आले की घोटाळा होतो. भावे यांनी पुढे 2015 मध्ये ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ या चित्रपटात स्वतःच टिळक केले आणि 2018 मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर. त्यामुळे क्रम न पाळता चित्रपट पाहणाऱ्यांच्या डोक्यात पदवी देणारा आणि घेणारा एकच माणूस असतो. ‘हाऊ कोन शे?’ असा प्रश्न येतो. ‘टिळक शे.’ ‘मंग तो कोन शे?’ ‘तो बी टिळक शे, पन आते नही. चार वर्षांनी व्हई.’ इथे रिमोटचे बटण दाबून चित्रपट थांबवला जातो. थांबवण्याची ही पहिली वेळ.

पुढचा भाग आजोबांचा. बालगंधर्वांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले आजोबा खानदेशातल्या प्रत्येक घरात होऊन गेले. कोणाच्या आजोबांनी पहाटेपर्यंत ऐकले, कोणाचे बैलगाडी जुंपून गेले, कोणाच्या आजोबांनी तिकिटासाठी कापूस आगाऊ विकला. या सर्व आजोबांना खरोखर एका तंबूत बसवायचे तर कनात गिरणेच्या पलीकडे ठोकावी लागेल. तरी या कथांना खोटे म्हणण्याची पद्धत नाही, कारण एकाचे आजोबा खोटे ठरले तर सर्वांचे अडचणीत येतात. बालगंधर्व 15 जुलै 1967 पर्यंत हयात होते, म्हणजे हिशेब अगदीच अशक्य नाही, असे मास्तर सभासद सांगतो आणि सगळे आजोबा एकदम सुटतात.

मंडळी पूर्ण गप्प होते असा प्रसंग एकच आहे. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. तोंडाला रंग लावून ते भामिनी म्हणून उभे राहिले. हा प्रसंग येतो तेव्हा शेंगांची टरफले वाजत नाहीत आणि कोणी आजोबांना मध्ये आणत नाही. त्यांनी तसे करायला हवे होते का, यावर चाळीसगावात आजवर चर्चा झालेली नाही. ज्या गोष्टीवर चर्चा होत नाही अशी त्या रात्रीतली ही एकमेव.

ही शांतता दुकानदार मोडतो, कारण पुढे गंधर्व नाटक मंडळी येते. 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत ती निघाली. पुढे भागीदार बाजूला झाले आणि कंपनी बालगंधर्वांकडे राहिली. 1916 चे ‘स्वयंवर’, 1919 चे ‘एकच प्याला’. उत्पन्न वाढले आणि खर्च त्याच्या पुढे धावला. अस्सल जरीचे शालू, अत्तर, मखमली पडदे, साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. दुकानदार इथे चित्रपट पाहत नाही, हिशेब तपासतो. अत्तर घाऊक भावाने घेतले असते तर, पडदे एक हंगाम जास्त वापरले असते तर, उधारी वेळेवर वसूल केली असती तर. थिरकवांचा पगार कमी करावा अशी सूचना तो एकदा करून पाहतो; तबला वाजवणारा सभासद त्यावर ताटातली भाकरी खाली ठेवतो, म्हणून ती मागे घेतली जाते. कर्ज वाढत जाते तसा दुकानदार पडद्याच्या जवळ सरकतो. बालगंधर्वांना व्यवहार कळत नव्हता हे त्याचे मत पक्के आहे. मात्र त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यामागे बालगंधर्वांचा फोटो आहे आणि त्या फोटोची चौकट दुकानातली सर्वांत महाग वस्तू आहे.

8 जुलै 1921 चा संयुक्त ‘मानापमान’ चित्रपटात किती आहे याची कोणी वाट पाहत नाही. तो प्रयोग मंडळी स्वतःच करते. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर उभे राहिले : भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. खोलीचे लगेच दोन भाग होतात. गादीवरचे केशवरावांचे, सतरंजीवरचे बालगंधर्वांचे; तत्त्व काही नाही, जो जिथे बसला असेल तिथला पक्ष. शंभर वर्षांपूर्वी त्या रात्री कोण वरचढ ठरले याचा निकाल लावताना दोन्ही बाजूंनी पदे गायली जातात आणि मूळ गायकांची कीर्ती एका रात्रीत बरीच खाली येते. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, वारले हे मास्तर सांगतो तेव्हा गादीवरचे जिंकल्याचे मान्य करण्यात येते.

या सर्व काळात चित्रपट थांबलेला असतो. चाळीसगाव हे जंक्शन असल्याने तो चालू असला तरी अधूनमधून थांबल्यासारखाच असतो. भुसावळकडे निघालेली मालगाडी ऐन समेवर भोंगा देते. भोंगा काळी चारमध्ये नाही, अशी पेटीवाल्याची तक्रार आहे. रेल्वेतून निवृत्त झालेला सभासद भोंग्याची बाजू घेतो. स्टेशन बोलण्यात आले की केकी मूस यांचा विषय निघणेही अटळ आहे. हे छायाचित्रकार 1989 पर्यंत चाळीसगावात राहिले आणि आयुष्याची पन्नासेक वर्षे बंगल्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. पंजाब मेलने कोणी येणार होते, त्याची वाट ते पाहत राहिले अशी आख्यायिका आहे. त्यांच्यावर चित्रपट काढावा असा ठराव दर हिवाळ्यात होतो. गाडी आणि दार एवढ्या दोनच गोष्टींवर अडीच तास कसे काढायचे, या प्रश्नापाशी तो दर हिवाळ्यात अडतो.

वेळेचा हा प्रश्न मुळात चरित्रपटाचाच आहे. संगीत नाटक रात्री सुरू होई आणि वन्स मोअर घेत घेत पहाटेला टेकत असे. एक पद अर्धा तास चालले तर प्रेक्षकांना ते आखूड वाटे. बालगंधर्वांचे एकोणऐंशी वर्षांचे आयुष्य पडद्यावर दोन-सव्वादोन तासांत उरकतात. बोलपटाशी खुद्द बालगंधर्वांचेही जमले नव्हते : 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले, आणि पुढे त्या कंपनीच्या चित्रपटात दिसले नाहीत. कॅमेऱ्याला वन्स मोअर देता येत नाही, रिटेक देता येतो, ही अडचण असावी. चाळीसगावात ती दूर करण्यात आली आहे. आवडलेले पद मागे नेऊन पुन्हा लावतात, न आवडलेला संवाद पुन्हा लावून त्याची चूक दाखवतात, आणि नऊला लावलेला चित्रपट मूळ संगीत नाटकाच्या वेळेलाच, म्हणजे कोंबड्याच्या सुमारास, संपतो.

‘मी वसंतराव’ला ही सोय पुरत नाही. तिथे वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल यांनी केली आणि गाणेही त्यांचेच; चेहरा आणि गळा एकाच घरातला असल्याने भांडणाला जागा उरत नाही. म्हणून तो चित्रपट एकट्याने पाहतात.

उत्तरार्धात गायिका गोहरबाई येतात, कर्ज आणि आजारपण येते, आणि झोपही येते. जागे राहतात ते पेटीवाला आणि दुकानदार. शेवटची नामावली पाहण्याची पद्धत नाही, पण पेटीवाला आनंद भाटे हे नाव येईपर्यंत थांबतो. या गाण्यासाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे तो आतापर्यंत चारदा बोललेला असतो. पाचव्यांदा सांगण्यासाठी तो तबलजीला हलवून उठवतो. तबलजी डोळे न उघडता ‘संपनं का?’ विचारतो, आणि भरिताचे पातेले कोणाच्या घरी गेले याची चौकशी करतो.