पंचांगशुद्ध गंगा

कानपूरच्या जाजमऊत प्रदूषण पंचांग बघून थांबतं. 2019च्या कुंभाआधी तिथल्या चामड्याच्या कारखान्यांना टाळं लागलं. खाली प्रयागला साधूंची डुबकी निर्मळ व्हायला हवी ना! जाजमऊच्या शेतांना मात्र पर्वणी लाभत नाही. त्यांच्या पाटात वर्षानुवर्षं सांडपाणी केंद्रातून ‘प्रक्रिया’ होऊन आलेलं पाणी खेळलं, कातडं कमावायच्या क्रोमियमसकट. कातडं गाईचं की म्हशीचं, यावरून आपल्याकडे डोकी फुटतात. ते कशात कमावलं, याची पंचाईत कुणालाच नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरायला काही आठवडे घेतं. क्रोमियमला एखादा दिवस पुरतो. एवढी घाई कुणाला आहे, ते पुढचा बूट घेताना दुकानदारालाच विचारा.