भजन सोडणारे बुवा

कुडाळात दर पावसाळ्याच्या तोंडावर एक बुवा भजन सोडतात. दर वर्षी तेच बुवा असतात असं नाही. कुडाळपासून कणकवलीपर्यंत कुठल्याही वाडीत एखादे सापडतात. नाव मी सांगत नाही. सांगितलं तर चार बुवा भांडायला येतील आणि पाचवे ‘माजा नाव कित्याक नाय घातलंस?’ म्हणून येतील. तेव्हा नुसतं बुवाच म्हणू.

भजन सोडायलाही सवड लागते. त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत रात्री मोकळ्या नसतात. श्रावणात हरिनाम सप्ताह, भाद्रपदात गणपती (तेव्हा तर एका रात्रीत पाच घरं उरकावी लागतात आणि पाचही घरी उसळ खावी लागते), मग नवरात्र. उरतो तो मिरगापासून आषाढीपर्यंतचा काळ. बाहेर पाऊस पत्रा बडवत असतो, वीज गेलेली असते, एसटी स्टँडाजवळच्या हॉटेलात भजी तळली जात असतात, आणि बुवा जाहीर करतात, “ह्या वर्सापासून बंद. भजनात काय रवला नाय. आता आपला पब्लिक वाढवक होया.”

बुवा पन्नाशीला टेकलेले. दिवसा वायरिंगची कामं करतात. कुडाळात जी घरं अर्धवट वायरिंगची दिसतात, त्यातली निम्मी बुवांची. बोर्ड बसवून झाला, बटणं बसवायची तेवढ्यात सुपारी आली, आणि बुवा गेले. पेटी स्कूटरच्या पुढ्यात, दोन पायांच्या मधे, कॅनव्हासच्या खोळीत. गळ्याला बारमाही मफलर. कुडाळात मफलर लागेल अशी थंडी वर्षातून चार पहाटे पडते, पण बुवांचा गळा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ती झाकून ठेवायची असते.

घाटावरच्या वाचकांसाठी डबलबारी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. देवळासमोर मांडव, मांडवात दोन बुवा आमनेसामने. प्रत्येकाच्या मागे पखवाज, तबला, झांज, चक्की आणि मान डोलावणारा कोरस. नमन होतं, रूपाचा अभंग होतो, गवळण होते, आणि मग गजर. मधेच एक बुवा पुराणातला प्रश्न टाकतो. समोरच्याने आपल्या पाळीत त्याचं उत्तर गाण्यातून द्यायचं, आणि वर आपला एक टोला हाणायचा. पहिल्या रांगेत म्हातारे बसलेले असतात. त्यांना गळ्याची फारशी फिकीर नसते. ते फक्त चुका मोजत असतात. आवडलं तर नोट काढून देतात, आणि माइकवरून नावानिशी जाहीर होतं की अमुक वाडीच्या अमुक यांजकडून बुवांना एक्कावन्न रुपये बक्षीस.

आता बुवा जे सोडणार म्हणतात त्यात नवं यायचं काय राहिलं आहे, हा मला पडलेला प्रश्न. सिनेमा उन्हाळ्यात गाजला की त्याची चाल त्रिपुरीच्या आत गजरात बसलेली असते. शंकर-जयकिशनपासून अजय-अतुलपर्यंत सगळे या पेटीतून गेलेले आहेत आणि एकालाही विठोबाने हरकत घेतलेली नाही. क्रिकेटमध्ये वीस षटकांचा सामना आला तशी इथे ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारी आली. मग तीन बुवांचा तिरंगी सामना आला. शेजारच्या दशावतारातही तेच. पूर्वी पेटी, पखवाज आणि झांज यांवर सबंध रात्र निघायची; आता फलकावर ‘ट्रिकसीनयुक्त’ असं लिहिलं नाही तर पोरं विचारतात, मग बघायचं काय? बाहेरचं सगळं आत घेऊन झाल्यावर बुवांना बाहेर जायचं आहे.

हा ताप कशाने येतो तेही ठरलेलं आहे. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रीकरण आकेरीच्या वाड्यात झालं आणि मालवणी हेल घरोघर पोचला. त्या वर्षी बुवांनी भजन सोडलं. २०२२ साली ‘कांतारा’ आला. किनाऱ्याच्या खालच्या अंगाच्या लोकांनी आपला भूतकोला दाखवून देश हलवला. बुवांनी भजन सोडलं. २०२५ साली दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आला, तेव्हा तर बुवा थिएटरातून बाहेर पडतानाच सोडून बाहेर पडले.

“मच्छिंद्र कांबळी लंडनाक गेलो,” बुवा म्हणतात, “तो काय जत्रेतच बसान रवलो?”

यावर त्यांचा पखवाजी (बुवांच्या शाळेपासूनचा सोबती, म्हणून एकेरीत बोलतो) भजी खाता खाता म्हणतो, “तो मालवणी घेवन गेलो. तू सोडून जातंस.”

खरं आहे ते. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगमंचावर आलं, ते गावातल्या दशावतारी नाटकाची फजिती घेऊनच आलं. कांबळींनी त्यातल्या तात्या सरपंचाला विमानात बसवलं, पण त्याची बोली धुऊन इस्त्री करून नेली नाही. पखवाजी हे सांगतो तेव्हा बुवा लगेच विषय गोव्याकडे नेतात. बांदा ओलांडलं की गोवा, त्यामुळे बुवांची उदाहरणं तिकडूनही येतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईला गेले, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले, प्यारेलालचे गुरू झाले. १९७७ च्या सिनेमातल्या अमिताभला त्यांचं नाव मिळालं. बुवांना ही गोष्ट फार आवडते. मग कुणीतरी सांगतं की त्या पिढीतल्या कितीतरी गोवेकरांनी गाणी सजवली, पण त्यांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. ते मागे बसून वाजवत राहिले.

“पाटीमागे?” बुवांचा चेहरा उतरतो. “मगे फुड्यात कोण?”

कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथले परशुराम गंगावणे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन गावातच राहिले, गोठ्याचं संग्रहालय केलं, आणि २०२१ साली पद्मश्री पिंगुळीत आली. नेरूरचे बाबी कलिंगण आणि त्यांच्यामागून सुधीर कलिंगण यांनी दशावतारच केला. २०२२ साली सुधीर गेले तेव्हा जिल्ह्यानं घरचं माणूस गेल्यासारखं रडून घेतलं. ही उदाहरणं मी बुवांना दिली होती. त्यातलं त्यांनी नेमकं एकच उचललं.

“गोठो आमचोव आसा.”

“तेच्यात म्हस आसा,” वयनी (म्हणजे बुवांची बायको) आतून म्हणाल्या.

वयनींचं या सगळ्याबद्दलचं मत स्पष्ट आहे. “तेंचा भजन सुटता तेवाच माका घरातला वायरिंग करून गावता. सुटांदे.”

यंदा मात्र बुवांनी नुसतं जाहीर केलं नाही, तर केलंही. पुण्याहून एक पोरगा आला. डोक्याला हेडफोन, दाढी नेमस्त, आणि बोलणं फार गोड. त्याला ‘मातीतला आवाज’ पाहिजे होता. ओळखीच्या एकाच्या बंद फ्लॅटमध्ये भिंतींना गोधड्या लावून स्टुडिओ झाला. पोरगा म्हणाला, “काका, तीन मिनिटं वीस सेकंद.”

“तीन मिन्टात माजो खोकलो पण संपणा नाय,” बुवा म्हणाले. ही अतिशयोक्ती नव्हे. बुवांचं नमनच पंधरा मिनिटांचं. त्यात गणपती, सरस्वती, ग्रामदेवता, गुरू, गुरूंचे गुरू आणि मांडव घालणारा असे सगळे येतात. पोराने गणपती ठेवला, बाकीच्यांना काढलं.

मग पखवाजीच्या कानात ठोका सोडला. तो दचकला. “ह्यो कोण मदीच टिकटिक करता?”

“तो क्लिक ट्रॅक आहे काका. त्याच्याबरोबर वाजवायचं.”

“तेका सांग माज्यावांगडा चलाक. मी तेच्यावांगडा चलूचंय नाय.” आणि खरोखरच पखवाजी दुपारभर त्या टिकटिकीशी बारी खेळला. दोनदा तिला मागे टाकलं, एकदा समेवर अडवून धरलं, आणि शेवटी, “दमणाच नाय मेलो” म्हणून हात जोडले.

चित्रीकरणासाठी समुद्र हवा होता. कुडाळला समुद्र नाही, नदी आहे, पण पुण्याच्या नकाशात कोकण म्हटलं की समुद्र. तारकर्लीला गेले. बुवांना फेटा बांधला, जो त्यांच्या बापजाद्यांत कुणी बांधला नव्हता. पेटी वाळूवर मांडली. वाऱ्यानं वाळू भात्यात गेली आणि काळी चार बसली ती बसलीच. बाजूने मासळीची टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबली, फेट्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि विचारलं, “इकूक काढल्यात?”

गाणं आलं. नावातून ‘बुवा’ गेलं होतं आणि ‘फोक सिंगर’ आलं होतं. पहिल्या आठवड्यात चार हजार लोकांनी बघितलं. बुवा फोन घेऊन वाडीभर फिरले. खाली अभिप्राय होते: ‘खूप छान काका’, ‘अंगावर काटा’, ‘मिस यू कोकण’, आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग. पैसे किती मिळाले विचारलं तर बुवा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “गावतीत, पण नाव सांगणत नाय कोणाकडसून ते.”

त्यांना टोचत होतं ते मात्र दुसरंच. त्या गाण्यात चक्रव्यूह होता, आणि घाईत, तीन मिनिटं वीस सेकंदांच्या दडपणाखाली, बुवांनी उत्तरेला अभिमन्यूची आई करून टाकलं होतं. उत्तरा अभिमन्यूची बायको, आई सुभद्रा. एवढी चूक कुठल्याही बारीत झाली असती तर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं सोडा, मांडवाबाहेर शेंगदाणे विकणाऱ्या पोरानं ओरडून सांगितलं असतं. बुवांनी दोन दिवस वाट पाहिली. आठ दिवस पाहिली. चार हजारांचे सहा हजार झाले. काटा सगळ्यांच्या अंगावर आला, सुभद्रा एकालाही आठवली नाही.

“इतक्या लोकांनी बगल्यानी,” बुवा मला म्हणाले, “पण आयकल्यानी कोणी?”

मला वाटतं, मोठ्या श्रोतृवर्गाबद्दलचं याहून नेमकं टीकाशास्त्र आपल्याकडे झालेलं नाही. लोककला जपली पाहिजे असं म्हणणारे पुष्कळ असतात. ते बारीच्या आधी दीपप्रज्वलन करून नऊच्या आत गाडीत बसतात. चूक काढायला रात्री दोनपर्यंत बसणारा माणूस दुर्मीळ. तो कुडाळात आहे, चाकरमान्यांबरोबर लालबाग-परळात गेला, तिथून नालासोपारा-डोंबिवलीला सरकला. पण त्याची संख्या काही लाखांत जात नाही. बुवांना लाख हवे आहेत, आणि लाखांत हा माणूसही हवा आहे.

एक मात्र निघाला. कणकवलीकडचे एक बुवा, आमच्या बुवांचे जुने समोरचे. त्यांनी गाणं तीनदा शेवटपर्यंत ऐकलं. श्रावणातल्या एका सप्ताहात त्यांनी उभ्या मांडवात गजर टाकला: समुद्राच्या वाऱ्याने ज्यांच्या घरी सून सासू झाली, अशा फेटेवाल्या सिंगरना आमचा दंडवत. लोक आडवे झाले. रात्री साडेअकराला त्याचं रेकॉर्डिंग आमच्या बुवांच्या फोनवर आलं.

मी सकाळी गेलो तेव्हा समजूत घालायची तयारी करून गेलो होतो. बुवा ओटीवर पेटी उघडून बसले होते, पट्ट्या सोडवलेल्या, ब्रशने वाळू काढणं चालू. पखवाजी समोर. महाभारताची जाड पोथी उघडी. बुवांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत इतका प्रसन्न पाहिला नव्हता.

“गावलो!” ते म्हणाले. “तेणा गजरात अभिमन्यूक सोळा वर्साचो म्हटल्यान आणि फुडल्या कडव्यात अठरा. दोन वर्सा खय काडल्यान, इचारतंय तेका.”

“आणि तो पुण्याचो?” मी विचारलं.

“येऊंदे. बसांदे कोरसात.”

पोरगा आला, खरंच. गणपतीत तीन घरी झांज वाजवली, उसळ खाल्ली, आणि ठोका चुकला म्हणून पखवाजीच्या शिव्याही खाल्ल्या. गाण्याचा ‘फोक सिंगर’वाला फलक आता म्हशीच्या गोठ्याला पावसाच्या बाजूने लावलेला आहे, कापड चांगलं आहे. वयनींच्या स्वयंपाकघरातली दोन बटणं बसायची राहिली.

दोघा बुवांची गाठ जत्रांच्या हंगामात पडायची आहे. नऊ म्हटलं तरी सुरू साडेदहाला होईल, पण मांडवातल्या खुर्च्या आठलाच भरतात. यायचं असेल तर जेवून या, आणि पहिल्या रांगेत बसायचा विचार असेल तर महाभारत वाचून या.