चिंध्यांचं गोत्र

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीत कुठली तरी मराठी काकू कपाटं उपसायला बसलेली असतेच. एडिसनमधल्या काकू नेमक्या आमच्या शेजारी राहतात, हे आमचं प्राक्तन. अमेरिकेत सगळं मिळतं, फक्त बोहारीण येत नाही. त्यामुळे काकूंकडे साठलेल्या कापडाला स्टीलच्या पातेल्याची आशा कधी उरलीच नाही. शेवटी त्यांनी त्याची हॅलोविनची भुतं करायला घेतली.

करेनात का! आमची तक्रार भुतांबद्दल नाहीच, ओळखपरेडीबद्दल आहे. काकूंच्या अंगणात एकही भूत बेवारशी नाही. "हे हसतंय ना, ते आमच्या धाकट्या वन्संच्या रुखवतातल्या पलंगपोसाचं. हा कोळी म्हणजे ह्यांचे हातमोजे. अंगठे आत दुमडले की आठ पाय बरोब्बर. आणि वटवाघूळ म्हणजे पुण्याहून आणलेली छत्री, काड्या अजून शाबूत आहेत." गोळ्या मागायला आलेल्या चिमुकल्या स्पायडरमॅनलाही हे सगळं इंग्रजीत ऐकावं लागतं. तो बिचारा बादली पुढे करून उभा, आणि काकू अजून वन्संच्या सासरी.

हाताला मात्र कसब आहे. दुधाच्या रिकाम्या कॅनवर फुगा चिकटवायचा, चक्का टांगायचं जुनं फडकं कॉर्नस्टार्चच्या दाट खळीत बुडवून त्यावर सोडायचं, चुण्या बोटांनी खाली ओढायच्या आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी फुगा फोडून कॅन काढून घेतला की भूत आपलं आपण उभं! पाय नसल्यामुळे ते उलटे असण्याचाही प्रश्न मिटतो. जवळून वास घेतलात तर श्रीखंडाची आठवण येते. (मी घेतला आहे. काकूंनी घ्यायला लावला.)

दुकानात हॅलोविनसाठी मुद्दाम फाडलेलं कापड पाकिटातून विकतात, हे कळलं तेव्हा काकू मटकन खाली बसल्या. "फाटकं? नवं कोरं? आणि पैसे देऊन?" जुनाट रंग हवा तर त्या पंचे चहाच्या चोथ्याच्या पाण्यात भिजत घालतात, तेही घरचा चहा पिऊन झाल्यावर. २०१८ साली अमेरिकेत १ कोटी १० लाख टनांहून जास्त कापड कचऱ्यात जाऊन पुरलं गेलं, असं इथलं सरकारच सांगतं. त्यात काकूंचा एक धागा नसेल, हे मी छातीठोक सांगतो.

होम डेपोने २०२० साली २९९ डॉलरला जो १२ फुटी सांगाडा बाजारात आणला, तो समोरच्या अमेरिकन शेजाऱ्याने अंगणात उभा केला. सगळी आळी फोटो काढायला लोटली. काकूंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "कोणाची हाडं आहेत, एवढं तरी ठाऊक आहे का त्याला?"

२०२४ साली दिवाळी नेमकी हॅलोविनच्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली. काकूंच्या दारात आकाशकंदील आणि धोतराचं भूत एकाच खिळ्याला. "काकू, लक्ष्मी दारातूनच परत जाईल हो!" "का जाईल? घरचीच माणसं आहेत. पितृपक्षात जेवून गेलीत."

एकाची ओळख मात्र त्या करून देत नाहीत. पायरीपाशी खुर्चीत चौकड्यांचा शर्ट बसवलेला असतो. पोटात जुने टॉवेल कोंबलेले, मांडीवर गोळ्यांची परडी. तो शर्ट आम्हाला ठाऊक आहे. काका दर शरदात पानं ओढायला तोच घालायचे आणि अर्ध्यात दमून त्याच खुर्चीत बसायचे. पोरं आली की काकू परडीकडे बोट दाखवून म्हणतात, "त्यांच्याकडून घ्या." बाकी एक अक्षर नाही. वन्संचं सासर परवडलं, असं तेव्हा वाटतं.

या वर्षी बायकोने माझा जुना कुर्ता दान द्यायला काढला, तो काकूंनी फाटकातच अडवला. कुठे शिवला, कोणाच्या लग्नात घातला, हा डाग कशाचा? मीही सगळं बैजवार सांगितलं, अगदी आमटी कोणी वाढली तेसुद्धा. आता त्यांचा डोळा माझ्या सासूबाईंच्या नऊवारीवर आहे. सासूबाई ती अजून नेसतात. काकू म्हणतात, "मला काही घाई नाही."