दर्याची इशारा पातळी

आबांना डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. मालवणात तो दिवसातून चार वेळा मिळाला, तोही खोलीच्या भाड्यात.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. जन्म, शाळा, ऊस, लग्न, गुडघेदुखी, सगळं कसबा बावड्यातच झालेलं. बावडा कोल्हापूर महापालिकेत येऊन जमाना लोटला, तरी आबा अजून ‘जरा कोल्हापूरला जाऊन येतो’ असंच म्हणतात. अशा माणसाला मालवण म्हणजे परदेशच. त्यातून बावडेकराचं आणि पाण्याचं नातं हे फुटांचं. पंचगंगेचा पूर मोजायचा तो आमच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पावसाळ्यात सकाळी उठून जग चहाचं विचारतं, आम्ही ‘किती फुटाला हाय?’ विचारतो. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर. दोन्ही पूर आबांनी जागून काढले आणि तेव्हापासून पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांनी ठरवून टाकलं. घरच्या टाकीतही पाणी किती असं विचारलं तर ‘सव्वादोन फूट, उतरतंय’ असं बुलेटिन मिळतं.

निघायचं होतं होळीच्या आठवड्यात. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणून काकींनी स्वेटर बाहेर काढले. आबांनी ते परत आत घातले, वर घोंगडं घातलं. शेजारच्यांनी घामोळ्याची पावडर दिली. सगळ्यात शेवटी आबांनी रेनकोट कोंबला.

“आबा, मार्चात रेनकोट?”

“वळीव काय पंचांग बघून येतो व्हय रं?”

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण साडेपाचशे मीटर उंचीवरून थेट समुद्रापर्यंत उतरायचं. दाजीपूरला काचा वर केल्या, घाट उतरून फोंड्यात खाली केल्या, कणकवलीत शर्टाची वरची दोन बटणं सोडली. पुढं मात्र दर वळणावर पोरं दोरी धरून उभी. शिमग्याचे दिवस, त्यामुळं शबय, म्हणजे सणाची वर्गणी, दिल्याशिवाय गाडी हलत नाही. टोलला पावती तरी मिळते, असं आबा पुटपुटले. पण चौथ्या दोरीला त्यांनीच काच खाली करून ‘तुमचा पास काय पडंल?’ असं विचारलं, तेव्हा पोरंही गोंधळली.

मालवणच्या कडेला एका वाडीत खोल्या घेतल्या होत्या. पहाटे पाचला आबांनी सगळ्यांना उठवलं. पत्र्यावर टप टप आवाज येत होता. “म्हटलं नव्हतं?” असं म्हणत रेनकोट घालून ते अंगणात गेले. आकाशात चांदणं होतं. पाऊस पडत होता तो फक्त माडाखाली. रात्रभर धुकं धरलेलं, त्याचं दव झावळीच्या एकेका पातीवरून घरंगळत टोकाला येत होतं, तिथं फुगून क्षणभर थांबत होतं आणि मग पत्र्यावर पडत होतं. माड सोडून दोन पावलं सरकलं की कोरडं. मालकीणकाकी चुलीत जाळ घालता घालता रेनकोटातल्या आबांकडं बघत होत्या. “तुमच्याकडे दंव पडना नाय?” असं त्यांनी फार सौम्यपणे विचारलं. आबांनी रेनकोट काढला नाही. “थंडीसाठी घातलाय,” म्हणाले.

नऊ वाजता स्वेटर उतरले. दहाला वारा पडला आणि अकराला घरातला एकुलता एक पंखा कुणाच्या दिशेनं असावा यावर कुटुंबात मतभेद सुरू झाले. कोकणात फाल्गुनात ऊन एवढं का चढतं याचं कारण साधं आहे. रात्री जमिनीकडून दर्याकडं वाहतात ते मतलई वारे, दिवसा दर्याकडून येतात ते खारे. पूर्वेचा कोरडा वारा जोर धरून बसला, की खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावर यायला उशीर होतो, आणि तो येईपर्यंत गाव भाजून निघतं. हवामान खात्याचा हिशोबही किनाऱ्यासाठी वेगळा. मैदानी भागात पारा ४० ला गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विषयच निघत नाही. किनाऱ्यावर ३७ पुरतात, सरासरीपेक्षा साडेचारनं चढ असली म्हणजे झालं. आबांना यात पक्षपात दिसला. “ह्यास्नी ३७ ला लाट, आणि आमाला ४० लागत्यात? दिडशे वर्सं झाली म्हणं खात्याला, कुणी अर्ज न्हाई केला?” खातं १८७५ चं आहे ही माहिती त्यांना मीच पुरवली होती. नको तिथं माहिती पुरवायची माझी सवय जुनी आहे.

दुपारी तीनला खारा वारा आला तो दोरीवरचे कपडे घेऊन गेला. संध्याकाळी पश्चिमेला ढग जमले, रात्री ते गेले, मध्यरात्री घोंगडं निघालं. भाच्यानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, की हे पश्चिमी विक्षोभामुळं. भूमध्य समुद्राकडून निघतात, हिमालयाकडं जातात, आणि मागून उत्तरेचा गार वारा इकडं सरकतो. “भूमध्य समुद्रातलं वारं हितं वेळंवर पोचतंय,” आबा म्हणाले, “आणि तुला बावड्यातनं स्टँडवर यायला तास लागतोय.”

आबांचा खरा जीव रमला तो जेट्टीवर. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सातला जाऊन त्यांनी पायरीवर पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारली. आठला दुसरी. नऊला पहिल्या रेघेचा पत्ता नव्हता. अकरा वाजेपर्यंत पाणी पाच फूट चढलं. आबांचा चेहरा उतरला. राजाराम बंधाऱ्यावर चार तासांत पाच फूट चढलं असतं तर एव्हाना जनावरं हलवून झाली असती, शाळेत स्थलांतरितांची खिचडी शिजली असती. इथं शेजारी एक होडीवाले काका शांतपणे जाळ्याचा फाटका भाग विणत बसले होते.

“काका, पाच फूट चढलंय!”

“रोजचाच असा ता,” काका मान वर न करता म्हणाले. “दर्याक कोण फूटपट्टी लावता?”

“पण इशारा पातळी काय आसंल की न्हाई?”

काकांनी जरा विचार केला. “बांगडो म्हाग झालो की तोच इशारो.”

“आणि धोका?”

“गावलोच नाय की तो धोको.”

मग त्यांनी आबांना भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेची पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला पाणी भरलेलं. पुढं रोज पाऊण तास उशीर. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात म्हणून भरती मोठी, उधाणाची. अष्टमीला ती मवाळ होते. आबांनी लगेच रंगपंचमीचा हिशोब केला. पाचाची पाऊणपट पावणेचार. “म्हंजे रंग खेळून आंघोळीला समिंदर आपनच वर येणार,” ते खूश झाले. तिथीवर चालणारं पाणी त्यांना एकदम सरकारी वाटेनासं झालं. घरी आल्यावर मात्र काकींना त्यांनी हे सगळं स्वतःच शोधल्यासारखं सांगितलं.

किल्ल्याला जायचा पहिला बेत वाऱ्यानं उधळला. होडी आज सुटायची नाही असं जेट्टीवर सांगितलं. समोर सिंधुदुर्ग स्वच्छ दिसत होता, इतका जवळ की हाक मारावी. दुसऱ्या दिवशी पाणी तेलासारखं, आणि होडीत बसता बसता आबांनी भाड्याचा विषय काढला. त्यांचं म्हणणं इतिहासाला धरून होतं. १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातला, पुढं किल्ला करवीर राज्याकडं आला; म्हणजे मालक आम्ही, आणि मालकाकडून कसलं भाडं? होडीवाल्या काकांचाही इतिहास कच्चा नव्हता. १७६५ ला इंग्रजांनी किल्ला घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं आणि पुढच्याच वर्षी परत केला. (एक पावसाळा काढला असेल, दुसरं काय.) शेवटी १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना देऊन टाकलं.

“तुमचो होतो तर सोडलास कित्याक?” काकांनी वल्हं मारता मारता विचारलं.

आबा गप्प. होडी निम्म्यात आली तेव्हा म्हणाले, “हवा मानवली नसंल.”

भाडं पूर्ण दिलं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींपाशी आबा बराच वेळ रेंगाळले. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोड, हे त्यांना पटतही होतं आणि सोसवतही नव्हतं. शिवराजेश्वराच्या देवळात मात्र त्यांचा रुबाब परत आला. हे देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं असं कळल्यावर त्यांनी आजूबाजूच्या पुण्याच्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात ‘आमच्या बंधाऱ्याचं नावबी राजारामच’ असं सांगितलं. बंधाऱ्याचे राजाराम पुष्कळ नंतरचे, हे मी सांगणार होतो. काकींनी कोपर मारलं.

आठवड्यातला माझा आवडता भाग म्हणजे वाडीच्या तिठ्यावरची चहाची टपरी. बावड्यात पाऊस आला तर सगळ्यांना येतो आणि पूर आला तर सगळ्यांचा असतो, त्यामुळं हवामानाबद्दल एकमत लवकर होतं. इथं प्रत्येकाचं हवामान खाजगी. कुंभारमाठकडं कलमं असलेले एक बागायतदार रोज सकाळी यायचे, आकाशाकडं बघायचे आणि चहा कडू लागल्यासारखं तोंड करायचे. आंब्याला मोहर यायला थंडी लागते. पण फळ धरल्यावर परत थंडी आली, तर झाड नव्यानं मोहरतं आणि आधी धरलेल्या वाटाण्याएवढ्या कैऱ्या गाळून टाकतं. याला पुनर्मोहर म्हणतात. ऐकायला काव्य वाटतं, बागायतदाराला दिवाळं वाटतं. ढग आले की तुडतुडे, धुकं धरलं की भुरी, ऊन तापलं की गळ. शेजारच्या काजूवाल्यालाही ढग नकोत, कारण ढेकण्या. आबांनी शेतकऱ्यानं शेतकऱ्याला विचारावं तसं विचारलं, “मग तुमाला नेमकं कसलं हवामान पायजे?”

बागायतदारांनी बशी खाली ठेवली. “गेल्या वर्सासारख्या.”

टपरीवाला गाळणं झटकत म्हणाला, “गेल्या वर्सा हेच म्हणी होते, आदल्या वर्सासारख्या व्हया.”

बागायतदारांच्याच गडग्यापलीकडं एक मावशी सुकी मासळी करायच्या. वाळूवर जुनं जाळं पसरलेलं, त्यावर पोट चिरून मीठ भरलेल्या बांगड्यांच्या ओळी. मावशी ओळीनं जाऊन प्रत्येक बांगड्याच्या पाठीवर, काट्याच्या बाजूला अंगठा दाबायच्या. अंगठा रुतला की मासा उलटायचा, नाही रुतला की टोपलीत. मळभाच्या दिवशी टोपली रिकामीच. त्यांना टळटळीत ऊन हवं, आणि तेच ऊन गडग्याअलीकडं कैऱ्या पाडणार. रोज सकाळी दोघं आपापल्या अंगणातून एकाच आकाशाकडं बघायची आणि त्यावरून त्या दिवशी कोण कुणाशी बोलणार नाही ते ठरायचं. स्वच्छ ऊन पडलं की मावशी बागायतदारीणबाईंना दोन बांगडे पाठवायच्या. बाई ते तळायच्या, पण उलट निरोप द्यायच्या नाहीत.

या सगळ्यांत एकच माणूस सुखी, आमचा खोलीमालक. वाऱ्यानं अंगणातल्या केळीच्या पानांच्या चिंध्या होत होत्या आणि तो फोनवर सांगत होता, “वातावरण एकदम मस्त! येवा तुमी.” भाच्याच्या मते अंदाज असा द्यावा, की ऐकणाऱ्यानं ॲडव्हान्स पाठवावा. काकींनी तेवढ्यात ओल्या काजूगरांच्या उसळीची कृती लिहून घेतली. सबंध आठवड्यात हवेबद्दल एक शब्दही न बोललेल्या त्या एकट्याच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आकाश काळंभोर झालं, दोन टपोरे थेंब पडले आणि थांबले. पडतोय की नाही, यावर टपरीवर पैजा लागल्या. त्याच वेळी वाडीच्या देवळात शिमग्याचं गाऱ्हाणं होतं, आम्हीही गेलो. मानकरी देवापुढं उभे राहिले आणि एकेकाचं मागणं घालू लागले. “ज्याच्या कलमांक फळ धरला हा, ता ऱ्हवांदे!” मागून सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” “ज्याची मासळी सुकता, तेका ऊन पडांदे!” “व्हय म्हाराजा!” मावशी आणि बागायतदार शेजारी शेजारी उभे होते आणि एकमेकांच्या मागण्यांना तितक्याच जोरात ‘व्हय’ म्हणत होते. होडीसाठी वारा नको म्हणून मागितलं, काजूसाठी ढग उडवायला वारा मागितला, मालकासाठी पाहुणे मागितले. सगळ्याला व्हय.

मग मानकऱ्यांनी आबांकडं मान वळवली. पाहुण्यांचं काय असेल तर बोला. आबांनी टोपी सारखी केली. त्यांना खोडव्यासाठी पाऊस हवा होता, पण गुऱ्हाळाची चिपाडं वाळत पडलेली, ती भिजली तर चुलवाणात घालायला काही उरत नाही.

“बावड्यात पाऊस पडू दे,” आबा म्हणाले, “पर आमच्या रानापुरता. चिपाडावर नगो.”

मानकरी क्षणभर थबकले. मग त्यांनी देवाकडं बघून तसंच्या तसं गाऱ्हाणं घातलं, आणि सगळ्यांच्या आधी आबाच ओरडले, “व्हय म्हाराजा!”